चित्रकला आणि रोजचं काम, दोन्हींसाठी स्टायलसवाला टॅब कोणता घ्यावा?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. वहीत पेन्सिलने काढायची सवय आहे, आता डिजिटल सुरू करायचंय आणि त्याच टॅबवर वाचन, व्हिडिओ, नोट्सही व्हायला हव्यात, तर कोणता घ्यावा? ४०९६ आणि ८१९२ प्रेशर लेव्हलमध्ये (पेन किती दाबलंय ते ओळखण्याच्या पायऱ्यांमध्ये) काही फरक पडतो का? आणि स्क्रीनवर ती कागदासारखी मॅट फिल्म लावावी का?

आधी पेन निवडा. टॅब त्या पेनाच्या मागोमाग ठरतो. मी हे उलट्या क्रमाने केलं होतं आणि त्याचा भुर्दंड भरलाय. माझ्या पहिल्या टॅबच्या खोक्यावर 'स्टायलस सपोर्ट' असं ठळक छापलेलं होतं, स्क्रीन झकास होती, स्टोरेज भरपूर होतं, अजून काय हवं? घरी येऊन एक डोळा काढायला घेतला. पापणीचा केस मुळाशी जाड आणि टोकाशी विरत गेलेला हवा. वहीत आपण हे विचारही न करता करतो, रेघ संपताना हात हलका होतो. इथे मात्र एकेक केस काडेपेटीतल्या काडीसारखा, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच जाडीचा. पेन दाबून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं, ब्रश बदलले, अ‍ॅप बदललं. तासाभराने उमगलं की या टॅबला पेन आणि बोट यांतला फरकच कळत नाही. 'स्टायलस सपोर्ट'चा अर्थ एवढाच होता की स्टायलसने टोचलं तरी चालेल.

तर पेनांच्या ढोबळ तीन जाती धरा. पहिली ही अशी, रबरी टोकाची किंवा टोकाला पारदर्शक चकती असलेली. टॅबच्या लेखी ते बोटच. दाब कळत नाही, आणि तळहात टेकवला की तिथेही रेघ उठते. चित्रासाठी ही जात डोक्यातून काढून टाका, कितीही स्वस्त मिळो.

दुसरी जात बॅटरीवाल्या अ‍ॅक्टिव्ह पेनांची. अ‍ॅपल पेन्सिल आणि मायक्रोसॉफ्ट सरफेसचं पेन यातलं. पेन स्वतः सिग्नल सोडतं, स्क्रीन तो पकडते, आणि निबमागचा सेन्सर किती जोर लागतोय ते कळवतो. हे चार्ज करावं लागतं, पण पेन टॅबच्या कडेला चुंबकाने चिकटून तिथेच चार्ज होत असेल तर त्याचा जाच वाटत नाही.

तिसरी जात ईएमआर, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेझोनन्स. वॅकॉम या जपानी कंपनीने ही पद्धत रूढ केली आणि सॅमसंगचं एस पेन त्याच तंत्रावर चालतं. स्क्रीनखाली बारीक तारांच्या जाळीचा एक बोर्ड असतो, तो चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पेनातल्या कॉइलला लागणारी ऊर्जा त्यातूनच मिळते. रेघ काढायला बॅटरी लागतच नाही. ड्रॉवरमध्ये सहा महिने पडलेलं पेन उचला, टेकवा, चालू. माझं स्वतःचं मत या जातीकडे झुकतं, हे आधीच सांगून टाकतो.

इथे अ‍ॅपलच्या बाबतीत एक फसगत होते, ती नीट समजून घ्या. अ‍ॅपल पेन्सिल नावाच्या चार वेगळ्या वस्तू आहेत. २०१५ ची पहिली, २०१८ ची दुसरी, २०२३ ची यूएसबी-सी वाली आणि २०२४ ची पेन्सिल प्रो. यातल्या यूएसबी-सी वालीला दाब कळत नाही. तिरकी धरलेली कळते, तळहाताचा त्रास होत नाही, नोट्स उत्तम निघतात, पण माझ्या त्या काडेपेटीच्या पापण्या तिच्यानेही निघतील. शिवाय कुठलीही पेन्सिल कुठल्याही आयपॅडला चालत नाही. साध्या आयपॅडला (दहावी पिढी आणि त्यानंतरचा ए१६ चिपवाला) दाब ओळखणारी हवी असेल तर पहिल्या पिढीचीच घ्यावी लागते, आणि ती जोडायला एक छोटा अ‍ॅडॉप्टर लागतो. आयपॅड एअर एम२ पासून पुढे आणि आयपॅड प्रो एम४ पासून पुढे पेन्सिल प्रो चालते. दुसऱ्या पिढीची पेन्सिल या नव्या मॉडेलांना चालत नाही. म्हणून कुणी 'माझी जुनी पेन्सिल घेऊन जा' म्हणालं तर आधी मॉडेल तपासा, मग आभार माना.

दुसरी गल्लत नावाची. 'ड्रॉइंग टॅबलेट' म्हणून शोधलंत की वॅकॉम इंटुओस, वॅकॉम सिंटिक, ह्यूऑन कामवास अशी नावं पुढे येतात. वस्तू चांगल्या आहेत, पण यातल्या बहुतेकांना स्वतःचा मेंदू नाही. इंटुओसला तर स्क्रीनही नसते. काळ्या पाटीवर हात चालवायचा आणि नजर कॉम्प्युटरवर. सिंटिक, कामवासला स्क्रीन असते, पण बहुतेक मॉडेलांत चित्र चालतं ते कॉम्प्युटरवरच. सोफ्यावर लोळत पुस्तक वाचायला यांचा उपयोग शून्य. तुम्हाला हवाय तो स्वतंत्र टॅब.

आता प्रेशर लेव्हल. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, ८१९२ म्हणजे तेरावा, १६३८४ म्हणजे चौदावा. दर वेळी मोजपट्टीवरच्या खुणा दुप्पट केल्या, पट्टीची लांबी तेवढीच. आपल्या हाताला हलकं ते जोरकस यामध्ये एवढ्या पायऱ्या पाडताच येत नाहीत. या आकड्यापायी एक पैसाही जास्त देऊ नका. खरा फरक पडतो तो दुसऱ्याच गोष्टीने: रेघ उमटायला कमीत कमी किती जोर लागतो. तो आकडा जाहिरातीत क्वचितच सापडतो, पण तपासता येतो. पेन मागच्या टोकाशी दोन बोटांत सैल धरा, निब स्क्रीनवर टेकवा आणि नुसतं ओढा, पेनाच्या स्वतःच्या वजनाने. धुरकट का होईना, सलग रेघ आली तर पेन चांगलं. तुटक आली किंवा आलीच नाही, तर पेन्सिलच्या हलक्या शेडिंगला तुम्ही दर वेळी हात दाबत बसणार आणि संध्याकाळी मनगट बोलणार.

दुसरी चाचणी तिरप्या रेघेची, आणि ही चुकवू नकाच. शोरूममध्ये गेलात तर लोक काय करतात? पेन उचलतात, सही करतात, एक फूल काढतात आणि 'वा!' म्हणतात. पटकन मारलेली सही कुठल्याही टॅबवर सुंदरच येते. तुम्ही खिशात एक छोटी पट्टी घेऊन जा. स्क्रीनवर तिरपी ठेवा आणि तिच्या कडेने पेन अगदी हळू, गोगलगायीच्या चालीने ओढा. मग पट्टी काढून रेघ मोठी करून बघा. सरळ असेल तर ठीक. लाटांसारखी नागमोडी असेल, तर तो थरकाप तुमच्या हाताचा नाही, टॅबचा आहे. स्क्रीनखालच्या सेन्सरच्या तारा ठरावीक अंतरावर असतात, दोन तारांमध्ये पेन नेमकं कुठे आहे ते अंदाजाने काढावं लागतं, आणि पेन हळू असताना त्या अंदाजातली चूक उघडी पडते. आधी ब्रशच्या सेटिंगमध्ये जाऊन स्टॅबिलायझेशन (रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय) शून्यावर आणा, नाहीतर अ‍ॅप ती लाट इस्त्री करून दाखवतं. जाता जाता चारही कोपऱ्यांत एकेक छोटा गोल काढा. काही स्क्रीनवर कडेला पेन एकीकडे आणि रेघ दुसरीकडे पडते.

निब आणि रेघ यांच्यात दिसणारी फटही बघाच. वरची काच आणि खालचा डिस्प्ले एकजीव चिकटवलेले असतील तर निबच्या टोकातूनच रंग झरल्यासारखा वाटतो. साध्या आयपॅडमध्ये त्या दोहोंमध्ये पातळ हवेची फट असते, एअर आणि प्रोमध्ये नसते. सवय होते, पण वहीतून येणाऱ्याला पहिले काही दिवस बोचतं. टक टक असा पोकळ आवाजही येतो.

पेनानंतर अ‍ॅप. इथे बऱ्याच जणांचा निर्णय एका नावावर होतो: प्रोक्रिएट. ते फक्त आयपॅडवर चालतं, एकदाच पैसे भरायचे, दरमहा काही नाही, आणि शिकायला इतकं सोपं दुसरं मला माहीत नाही. तुम्ही ज्यांची चित्रं बघून डिजिटलकडे वळताय ते सगळे प्रोक्रिएटवाले असतील, तर फार घोळ न घालता आयपॅड घ्या. अँड्रॉइडवर अगदीच दुष्काळ आहे असं मात्र नाही. आयबिस पेंट आहे, इन्फिनिट पेंटर आहे, कॉमिक काढणाऱ्यांचं लाडकं क्लिप स्टुडिओ पेंट आहे (टॅबवर त्याला वर्गणी भरावी लागते), आणि फुकट व मुक्त असलेलं क्रिता आहे. क्रिता आयपॅडवर नाही. ते टॅबपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त खुलतं, बटणं बारीक आहेत.

मेमरीचं गणित एकदा करून दाखवतो, म्हणजे विक्रेत्याच्या बोलण्यावर अवलंबून राहायला नको. ए४ आकाराचं चित्र छपाईच्या दर्जाचं, म्हणजे ३०० डीपीआयचं (दर इंचाला ३०० ठिपके), २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. सुमारे ८७ लाख पिक्सेल. एका पिक्सेलला ४ बाइट धरले तर एक लेयर, म्हणजे चित्राचा एक पारदर्शक थर, साधारण ३५ एमबी. तीस लेयर झाले की १ जीबी गेली, ती फक्त चित्राची. त्याशिवाय सिस्टिम आहे, अ‍ॅप आहे, मागे उघडा राहिलेला ब्राउझर आहे. म्हणून ४ जीबी रॅमवर सराव होतो, पण मोठं चित्र रडवतं. ८ जीबी असेल तर निवांत. प्रोक्रिएट तर कॅनव्हासच्या आकारावरून किती लेयर मिळतील ते सांगून मोकळं होतं. स्टोरेज १२८ जीबी पुरतं.

आकाराबाबत मी थोडा हट्टी आहे: ११ इंचाच्या आसपास. याहून लहान स्क्रीनवर खांद्यातून हात फिरत नाही, नुसतं मनगट फिरतं आणि रेषा आखडतात. आणि मोठा टॅब चित्राला स्वर्ग असला तरी रोजच्या कामाला धोंड. गॅलॅक्सी टॅब एस९ अल्ट्रा १४.६ इंची आहे, वजन ७३२ ग्रॅम. तो आडवं पडून वाचताना हातातून सटकला तर नाकाचं काय होईल याची कल्पना करा. जड टॅब टेबलावरच राहतो, आणि टेबलावर राहिलेल्या टॅबवर रिकाम्या दहा मिनिटांत स्केच होत नाही. बाहेर वाट बघत बसलेलो असताना काढलेली माणसं ही माझ्याकडची सगळ्यात जिवंत रेखाटनं आहेत, ती ११ इंचीवरचीच.

स्क्रीनचा घाटही बघा. बहुतेक आयपॅड जवळजवळ ४:३ चे, सॅमसंगचे १६:१० चे. कर्ण दोघांचाही ११ इंच धरला तर पहिल्यात सुमारे ५८ चौरस इंच जागा मिळते, दुसऱ्यात ५४. ए४ कागदाची उंची रुंदीच्या १.४१ पट असते, म्हणजे ४:३ त्याच्या जास्त जवळ. पीडीएफ वाचायला आणि उभं चित्र काढायला तो बरा. व्हिडिओला १६:१० बरा, शिवाय आडवं चित्र काढताना कडेला ब्रशची पट्टी मावते.

रोजच्या कामाचं फार मनावर घेऊ नका. वाचन, व्हिडिओ, नोट्स, कॉल यांना चित्र पेलणारा कुठलाही टॅब पुरून उरतो. फक्त पुढे किती वर्षं अपडेट मिळणार ते बघा, आणि भरपूर टायपिंग असेल तर कीबोर्डचा खर्च आधीच धरा.

मग नेमकं काय घ्यायचं? प्रोक्रिएट हवंच असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर ११ इंची आयपॅड एअर आणि पेन्सिल प्रो. खिसा नाही म्हणाला तर साधा आयपॅड आणि पहिल्या पिढीची पेन्सिल. आयपॅड प्रोच्या १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० वेळा ताज्या होणाऱ्या) स्क्रीनवर भराभर हॅचिंग, म्हणजे शेजारी शेजारी रेघा मारून छटा, करताना रेघ निबला जास्त चिकटून येते हे खरं, पण शिकताना त्यासाठी थांबून राहू नका. अँड्रॉइड चालणार असेल तर गॅलॅक्सी टॅब एस मालिकेतला, पेन खोक्यातच असलेला. वरचा परवडत नसेल तर त्याच मालिकेतला स्वस्त एफई. तुमच्याइतकी गरज असलेल्या माणसाला मी हाच सांगेन, कारण पेन वेगळं विकत घ्यायचं नाही आणि चार्जही करायचं नाही. विंडोजचा सरफेस फक्त तेव्हाच, जेव्हा कॉम्प्युटरवरचंच एखादं सॉफ्टवेअर लागणार असेल. नुसता टॅब म्हणून तो अवजड वाटतो. चित्रकारांसाठीच बनवलेले स्वतंत्र अँड्रॉइड टॅबही आता आलेत, एक्सपीपेनचा मॅजिक ड्रॉइंग पॅड किंवा वॅकॉमचा २०२५ मधला मूविंकपॅड. चित्र बारा आणे आणि बाकी सगळं चार आणे असेल तर त्यांच्याकडे जरूर बघा.

राहिली मॅट फिल्म. लगेच लावू नका. काचेवर पेन घसरतं ही तक्रार पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाची असते, माझीही होती. फिल्मवर बारीक खरखर असते, तिने पेनाला पकड येते, पण तीच खरखर प्रकाश विखुरते, त्यामुळे पांढऱ्यावर कण दिसतात आणि रंग किंचित धुरकटतात. व्हिडिओ बघताना हे जाणवतं. शिवाय ती सँडपेपरसारखी निब खाते. मी फिल्म लावली होती, वर्षभरात तीन निब झिजवल्या आणि काढून टाकली. आता काच उघडीच आहे, करंगळी आणि शेजारचं बोट झाकणारा हातमोजा घालतो, म्हणजे घामाने तळहात अडत नाही. एस पेनला थोड्या मऊ टोकाच्या निब मिळतात, त्यांनी घसरणंही बरंच कमी होतं. फिल्म लावा की न लावा, महिन्यातून एकदा निबवरून बोट फिरवून बघा. एका बाजूने सपाट, धारदार कड लागली की बदला, नाहीतर ती कड काचेवर ओरखडा काढते.