मागे कललेली अक्कलदाढ

प्रश्न : माझी खालची अक्कलदाढ एक्स-रेत किंचित मागे कललेली, जवळजवळ उभीच दिसते. तरी ती काढणं अवघड आहे, असं डॉक्टर म्हणतात. आडवी दाढ जास्त अवघड नसते का?

उत्तर : बहुधा नाही. दाढ निघते ती वर आणि मागे सरकत. तुमच्या दाढेच्या मागेच जबड्याचं उभं हाड आहे, त्यामुळे तिला बाहेर पडायला वाटच नसते. म्हणून दाढ काढणं किती अवघड, हे मोजणाऱ्या पेडरसनच्या गुणपद्धतीत पुढे कललेल्या दाढेला 1, आडवीला 2, उभीला 3 आणि मागे कललेलीला 4 गुण आहेत. यात दाढ किती खोल आहे याचे आणि तिच्या मागच्या जागेचे प्रत्येकी 1 ते 3 गुण मिळवतात. बेरीज 7 ते 10 आली, तर अवघड. अशा वेळी मागचं हाड कोरून, मुकुट (दाढेचा वरचा भाग) कापून मगच मुळं काढतात. जोर लावला तर मूळ मोडतं, क्वचित जबडाही.

मात्र या गुणांत मुळांचा आकार आणि मज्जातंतू धरलेले नाहीत, ही मोठी उणीव. एक्स-रेत हा तंतू ज्यातून जातो त्या जबड्यातल्या नलिकेची पांढरी रेघ मुळाजवळ तुटलेली किंवा मूळ तिथे काळपट दिसत असेल, तर सीबीसीटी (जबड्याचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या) स्कॅनबद्दल जरूर विचारा. तंतू दुखावल्यास खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते.