वाचकांचे प्रश्न : एचएमआय आणि पीएलसी

प्रश्न : फौंड्रीतल्या सँड प्लांटच्या डेल्टा पीएलसीला (मशीन चालवणारा कंट्रोलर) सात इंची एचएमआय (ऑपरेटरचा पडदा) जोडला आहे. जोडणी आरएस-४८५ (दोन वायरींवरून डेटा नेण्याची पद्धत), केबल साधारण २५ मीटर. सकाळी सगळं सुरळीत असतं, पण इंडक्शन फर्नेस पॉवरवर घेतली की पडद्यावर 'कम्युनिकेशन एरर' यायला लागतो. एचएमआय बदलून पाहिला, फरक पडला नाही.
— एक वाचक, उद्यमबाग, बेळगाव

उत्तर : फर्नेस बंद असताना चालतं, याचा अर्थ बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक तपासणारा बिट), स्टेशन नंबर (लाइनवरचा यंत्राचा क्रमांक) आणि अ‍ॅड्रेस बरोबर आहेत. त्यांना हात लावू नका, नाहीतर एका बिघाडाचे दोन होतील. दोष वायरिंगमध्ये शोधायचा.

पॅनेलची पॉवर पूर्ण बंद करून डी प्लस आणि डी मायनस या दोन डेटा वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना टर्मिनेशनचे (सिग्नल टोकावरून परत उसळू नये म्हणून लावलेले) १२० ओहमचे रेझिस्टर असतील तर मीटर ६० च्या आसपास दाखवेल. १२० दिसले तर एका टोकाचा रेझिस्टर राहिला आहे. ४० दिसले तर लाइनवरच्या एखाद्या ड्राइव्हमधला टर्मिनेशन स्विच कुणीतरी ऑन ठेवला आहे. अर्थात ९६०० च्या वेगाला आणि २५ मीटरला टर्मिनेशन नसलं तरी बहुतेक वेळा चालून जातं, त्यामुळे खरा संशय शील्डवर आणि केबलच्या वाटेवर घ्यावा.

केबल पीळ दिलेल्या जोडीची आणि शील्डची (वायरींभोवती धातूची जाळी असलेली) हवी. शील्ड पीएलसीच्या टोकालाच अर्थ करा. दोन्ही टोकांना बांधली आणि दोन पॅनेलच्या अर्थमध्ये व्होल्टेजचा फरक असला, तर शील्डमधूनच करंट फिरू लागतो. शील्ड पिळून तिची लांब शेंडी करून लगला लावण्याची पद्धत सगळीकडे दिसते, पण फर्नेसच्या नॉइजपुढे ती शेंडी निरुपयोगी ठरते. वरचं आवरण सोलून शील्डवर थेट धातूची क्लँप बसवा. केबल फर्नेसच्या किंवा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) मोटर केबलच्या ट्रेमधून नेलेली असेल तर बाहेर काढा. ड्राइव्हच्या केबलपासून किमान २०० मिमी अंतर ठेवा आणि फर्नेसच्या पॉवर केबलपासून जमेल तेवढं जास्त. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा.

आणखी एक गोष्ट बरेचजण गाळतात, ती म्हणजे तिसरी वायर. दोन्ही बाजूंचे सिग्नल ग्राउंड एका कोअरने जोडा. आरएस-४८५ चा रिसीव्हर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा कॉमन मोड (दोन्ही वायरींवर ग्राउंडच्या तुलनेत सारखाच असणारा) व्होल्टेज सोसतो, त्यापुढे डेटाचा भरवसा नाही. हे सगळं करूनही एरर राहिला तरच आयसोलेटेड रिपीटरवर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे देणारं युनिट) पैसे घाला. एरर फर्नेसऐवजी व्हॉल्व्ह बंद होताना येत असेल तर डीसी सोलेनॉइडच्या कॉइलवर १एन४००७ डायोड आहे का पाहा. त्याची पट्टीची बाजू प्लसला हवी.

प्रश्न : साखर कारखान्याच्या पॅकिंग लाइनवर सीमेन्स एस७-१२०० आहे आणि एचएमआय दुसऱ्या कंपनीचा. इथरनेटवर पिंग होतं, पण आकड्यांच्या जागी नुसते ####.
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : पिंग होतं म्हणजे केबल आणि आयपी ठीक आहे. आता टीआयए पोर्टल या सीमेन्सच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी पाहा. सीपीयूच्या प्रॉपर्टीमध्ये 'प्रोटेक्शन अँड सिक्युरिटी'खाली पुट/गेटला (बाहेरच्या यंत्राने पीएलसीतला डेटा लिहिण्या-वाचण्याला) परवानगी देणारा चौकोन टिक केलेला हवा. दुसरं, एचएमआय ज्या डेटा ब्लॉकमधून वाचतो त्याचा 'ऑप्टिमाइज्ड ब्लॉक अ‍ॅक्सेस' बंद हवा. तो चालू असताना व्हेरिएबलला ठरलेला ऑफसेटच (ब्लॉकमधली जागा) नसतो, मग बाहेरचा एचएमआय वाचणार कुठून? बंद करून कंपाइल केलं की ऑफसेट दिसू लागतात. एचएमआयच्या सेटिंगमध्ये रॅक ०, स्लॉट १, पोर्ट १०२ द्या.

डाउनलोड करण्याआधी मात्र थांबा. ब्लॉकची रचना बदलली की त्यातल्या चालू किमती पुसल्या जाऊन सुरुवातीच्या येतात. वजनाचे आणि वेळेचे सगळे सेटपॉइंट आधी कागदावर उतरवून घ्या. हार्डवेअरचा बदल उतरवताना सीपीयू स्टॉपमध्ये जातो, म्हणून हे काम शिफ्ट संपल्यावर करा. पुट/गेट उघडलं की त्या नेटवर्कवरचा कोणीही पीएलसीत लिहू शकतो, तेव्हा ही लाइन ऑफिसच्या वायफायला जोडू नका.

प्रश्न : कौलांच्या भट्टीचं तापमान डेल्टा डीव्हीपी पीएलसीच्या डी१०० रजिस्टरमध्ये फ्लोट (दशांश संख्या) म्हणून आहे. लॅपटॉपवर ८५० दिसतं, एचएमआयवर ०.००. मॉडबसने (यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची एक पद्धत) जोडलं आहे.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : डीव्हीपीमध्ये डी० चा मॉडबस अ‍ॅड्रेस ४०९६ आहे, म्हणून डी१०० चा ४१९६. तुमचा एचएमआय ४xxxx पद्धतीने एकपासून मोजत असेल तर ४४१९७ टाका. इथे एकाने चुकणं नेहमीचंच आहे. अ‍ॅड्रेस बरोबर असेल तर वर्डचा (१६ बिटांच्या तुकड्यांचा) क्रम उलटा आहे. फ्लोट दोन रजिस्टरमध्ये बसतो आणि ८५० चे दोन वर्ड हेक्समध्ये ४४५४ आणि ८००० असे होतात. ते उलटे वाचले तर शून्याला चिकटलेली सूक्ष्म ऋण संख्या तयार होते आणि पडद्यावर ०.०० उमटतं. एचएमआयमध्ये 'वर्ड स्वॅप' किंवा 'लो वर्ड फर्स्ट' असा पर्याय असतो, तो बदला. यादीत डेल्टाचा ड्रायव्हर असेल तर मॉडबसच्या वाटेलाच जाऊ नका, सरळ डी१०० लिहा.

प्रश्न : आमच्याकडे काही ऑपरेटर मराठी वाचतात, काही कन्नड. एचएमआयवर दोन्ही भाषा टाकल्या, सिम्युलेटरवर छान दिसतात, पण मशीनवर अलार्ममधली जोडाक्षरं फुटतात.
— एक वाचक, संकेश्वर

उत्तर : सिम्युलेटर संगणकाचा फॉन्ट वापरतो, म्हणून तिथे सगळं नीट दिसतं. बऱ्याच एचएमआयमध्ये देवनागरी किंवा कन्नड अक्षरं जुळवण्याची सोय नसते, मग 'र्क'चा रफार एकीकडे आणि 'क' दुसरीकडे जातो. बटणांवरचा आणि शीर्षकांचा न बदलणारा मजकूर चित्र करून टाका. अलार्मसाठी प्रत्येक भाषेत तयार चित्रं ठेवून अलार्मच्या बिटवर दाखवा. वीस-पंचवीस अलार्म असतील तर हे सहज होतं, दोनशे असतील तर मेमरी आधी तपासा. भाषा बदलण्याचं बटण प्रत्येक स्क्रीनवर एकाच कोपऱ्यात द्या आणि त्यावर 'मराठी' व 'ಕನ್ನಡ' ही नावंही ज्याच्या-त्याच्या लिपीत चित्र म्हणूनच बसवा.

प्रश्न : डीव्हीपीच्या कॉम१ वर एचएमआय चालतो, कॉम२ च्या आरएस-४८५ वर चालत नाही.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : कॉम२ मुळात ९६००, ७, इव्हन, १ (वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट), आस्की असं येतं, आणि एचएमआय बहुधा आरटीयूवर ठेवलेला असतो. आस्की आणि आरटीयू हे मॉडबसचे दोन प्रकार आहेत. लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) एम१००२ च्या (पीएलसी सुरू होताना एकदाच ऑन होणाऱ्या) कॉन्टॅक्टवर एच८७ (हेक्समधले ८७) ही किंमत डी११२० मध्ये मूव्ह करा, एम११२० सेट करा आणि आरटीयूसाठी एम११४३ सेट करा. मग एचएमआयमध्ये ९६००, ८, इव्हन, १ ठेवा. स्टेशन नंबर डी११२१ मध्ये असतो. तरीही बोलत नसेल तर दोन वायरी अदलाबदल करून पाहा. ए आणि बी ही अक्षरं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने वापरते आणि उलट्या जोडल्याने काही जळत नाही.