तीन एकर द्राक्षबागेला कोणता ट्रॅक्टर घ्यावा?

भाऊ, आधी शोरूमला नाही, टेप घेऊन बागेत जा. खोडापासून खोडापर्यंत मोजू नका. काड्या आणि मांडवाचे अँगल सोडून मोकळी जागा किती उरते ते मोजा. मांडवाची उंचीही बघा, सीटवर बसल्यावर डोकं तारेला लागायला नको.

एचपीत भलेभले फसतात. जाहिरातीत इंजिनाचा एचपी मोठ्या अक्षरात असतो, पण रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालतात पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, आणि तिथे तो कमीच मिळतो. ६०० लिटरचा ब्लोअर ओढायचा तर इंजिनाच्या २४ एचपीच्या खाली जाऊ नका. काळी जमीन असेल तर फोर व्हीलच घ्या, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी लगेच लागते, चिखल सुकायची वाट कोण बघणार? टू व्हील स्वस्त पडतो खरा, पण रुतला की अख्खी सकाळ गेली.

महिंद्राचा जिवो २४५ काय, कुबोटा बी२४४१ काय, दोन्ही २४ एचपीचेच. मी तर आधी तालुक्यात मेकॅनिक कोणाचा आहे ते बघेन.

अनुदान हवं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती येईपर्यंत बिल फाडू नका. डीलर घाई करेलच.