वाचकांचे प्रश्न : ब्रेमरहाफेनची पाणबुडी

प्रश्न : जर्मनीतल्या ब्रेमरहाफेन बंदरात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी आहे. ती तिथेच बांधली का? – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नाही. ही यू-2540, हॅम्बुर्गच्या ब्लोम उंड फॉस गोदीतली. ती ज्या एकविसाव्या प्रकारातली (टाइप 21) आहे, त्या प्रकाराची खरी नवलाई बांधणीत आहे. सुमारे 77 मीटरचा सांगाडा आठ तुकड्यांत वेगवेगळ्या कारखान्यांत तयार होई, कालव्यांतून बार्जवर येई आणि गोदीत वेल्डिंगने सांधला जाई. ओझरला विमानाचे भाग जुळवतात, तशीच कल्पना. पण पोलादी तुकडे बनवणाऱ्या कारखान्यांना जहाजबांधणीतली अचूकता सवयीची नव्हती. कडा जुळत नसत, मग गोदीत पुन्हा कापाकापी आणि वेळ वाया. आमच्या मते या प्रकाराची खरी ताकद बॅटरीत होती : 372 सेल, आधीच्या सातव्या प्रकारच्या पाणबुडीच्या तिप्पट. त्यामुळे पाण्याखाली वेग 17 नॉटच्या (ताशी सुमारे 31 किलोमीटर) आसपास, म्हणजे पृष्ठभागापेक्षा जास्त!

फेब्रुवारी 1945मध्ये यू-2540 ताफ्यात आली, पण युद्धमोहिमेवर गेलीच नाही. मे महिन्यात फ्लेन्सबुर्गजवळ खलाशांनीच तिला बुडवले. 1957मध्ये वर काढल्यावर 1960पासून ती पश्चिम जर्मन नौदलाची प्रयोगनौका झाली, नाव 'विल्हेल्म बाउअर'. ब्रेमरहाफेनला ती 1984पासून संग्रहालय म्हणून उभी आहे.