"मॅडम, आयुष्याला मुळात काही अर्थ असतो का?"

हा प्रश्न हल्ली माझ्याकडे इतक्यांदा येतो की एकदा नीट लिहावंच म्हटलं. स्पर्धा परीक्षा सोडलेली मुलं, रिटायर झालेले सर, मुलं परदेशात गेलेल्या आया, सगळ्यांचं म्हणणं एकच, मुळातच अर्थ नसेल तर हे सगळं करायचं कशाला.

तासगावकडचा एक मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), पुण्यात एमपीएससी करून परत आलेला, सांगलीत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसला आणि थेट सूर्यावरच गेला. "५०० कोटी वर्षांनी सूर्य फुगणार, पृथ्वी भाजून निघणार. मग मी पास काय न् नापास काय?"

मी आधी झोप, जेवण आणि जीव द्यायचे विचार येतात का ते सरळ विचारलं. हे विचारायला घाबरू नका, विचारल्यामुळे कुणी तसं करत नाही. येत असतील तर चर्चा नंतर, आधी डॉक्टर गाठा, किंवा टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास चालू असतो. याला तसं काही नव्हतं.

"बरं, समजा सूर्य कधीच विझणार नाही, आणि तूही मरणार नाहीस. मग येईल अर्थ?"

बराच वेळ गप्प. "नाही. तेव्हाही हेच विचारीन."

मग पुढच्या काही भेटींत हळूहळू निघालं, की पप्पांनी कर्ज काढून पुण्याला ठेवलं, त्यात द्राक्षबाग फुलोऱ्यात असताना पाऊस झाला, घड कुजले, आणि हा रिकाम्या हातानं घरी.

"पप्पा काहीच बोलत नाहीत मॅडम, तेच सहन होत नाही."

"सगळंच निरर्थक आहे म्हणतोस, मग त्यांचं गप्प बसणं एवढं का लागतं तुला?"

तो बघतच राहिला आणि मग ढसाढसा रडला. मीही काही बोलले नाही, पाणी पण पुढे केलं नाही, कारण इतक्या वर्षांत एवढं कळलंय की अशा वेळी आपण मध्ये पडायचं नसतं. ज्याला काहीच महत्त्वाचं वाटत नाही त्याला असं लागत नाही. त्याच्यासाठी काय मोलाचं आहे ते त्याचं दुखणंच सांगत होतं, आणि घरातलं बघवत नव्हतं म्हणून तो आभाळाकडे बघत होता.

प्रश्न खोटा आहे असं मी कधीच म्हणत नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र म्हणायचा माणूस आधी असतो, अर्थ नंतर स्वतः घडवतो. व्हिएन्नाचे डॉक्टर फ्रँकल १९४२ ते १९४५ नाझी छळछावण्यांत होते, आई-वडील, भाऊ, बायको सगळे गेले, तरी त्यांचं म्हणणं होतं की अर्थ बनवायचा नसतो, तो शोधायचा असतो. माझा कल फ्रँकलकडे आहे, कारण हे मी समोरच्या खुर्चीत घडताना बघितलंय. पण वाद मिटेपर्यंत जगणं थांबवून ठेवायची गरज नाही. ५०० कोटी वर्षांनंतर जे होणार त्यानं आज आपलं काही अडत नाही, मग आज जे मोलाचं आहे ते रद्द करायचा हक्क त्याला कुठून आला?

विश्वाला अर्थ नाही असं तो मुलगा अजूनही म्हणतो, मी जिंकायला गेले नाही. पप्पा माळकरी, त्यांना सगळं पांडुरंगाचंच. ऑक्टोबरच्या छाटणीला दोघं बागेत एकत्र होते आणि कर्जाचा हिशोब पहिल्यांदाच समोरासमोर बसून केला.

घरच्यांना एकच विनंती, पोरगं असं काही बोललं की "रिकामं डोकं" म्हणून उडवू नका, अध्यात्माचं पुस्तकही लगेच हातात देऊ नका. सध्या सगळ्यात जास्त काय लागतंय ते विचारा, आणि तो सांगायला लागला की मध्ये बोलू नका.