खेळात सगळे बरोबर, पेपरात मात्र चूक

“मॅडम, खेळात लेकराचं एकही उत्तर चुकत नाही, मग पेपरात कसं काय चुकतंय? मोबाइल काढूनच घेऊ का?” औसा तालुक्यातील एका आईने विचारलेला हा प्रश्न शिष्यवृत्तीच्या तयारीच्या काळात पालकांकडून नेहमीच ऐकू येतो. मुलगा पाचवीत होता. आयत पडद्याच्या वरच्या कडेने खाली सरकतो, त्याच्या बाजूंवर लांबी आणि रुंदी लिहिलेली असते आणि आयत तळाला टेकण्यापूर्वी क्षेत्रफळाचे योग्य उत्तर दाबायचे असते, असा तो साधा खेळ होता.

मी त्याला समोर बसवून खेळायला सांगितले. त्याचा अंगठा उत्तरांच्या चौकटींवर आधीच तयार होता आणि नजर आकृतीवर नव्हे, फक्त आकड्यांवर होती. ८ आणि ५ दिसताच ४० दाबले जात होते. पाढे उत्तम पाठ होते, ही कौतुकाचीच गोष्ट आहे. मग मी वहीत लिहिले, “८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद परसबागेला तारेचा एक वेढा द्यायचा आहे, तर तार किती लागेल?” त्याने क्षणात ४० मीटर लिहिले, पण इथे परिमिती, म्हणजे चारही बाजूंची बेरीज विचारली असल्याने उत्तर २६ मीटर आहे.

त्या खेळात प्रश्न एकाच प्रकारचा असल्याने नेमके काय विचारले आहे, हे ठरवण्याची वेळच मुलावर येत नाही. परीक्षेत मात्र तेच आधी ठरवावे लागते. त्यामुळे मुलाला हलगर्जी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

आम्ही खोलीतल्या चौकोनी फरश्या मोजल्या, मग भिंतीच्या कडेने चालत अंतर मोजले. त्यानंतर २४ मीटर तारेत किती जागा वेढता येते, हे त्याने चौकटीच्या वहीत काढून पाहिले. ६ बाय ६ च्या आकृतीत ३६ चौकटी, ८ बाय ४ मध्ये ३२ आणि ११ बाय १ मध्ये केवळ ११. “तार तेवढीच, मग जागा कमी कशी झाली?” असे त्याने स्वतःहून विचारले आणि पुन्हा मोजायला घेतले. वडील शेतकरी असल्याने ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, अर्थात १०८९ चौरस फूट, हा हिशेब घरीच बांधावर उभे राहून दाखवावा, असे मी सुचवले.

मोबाइल काढून घेण्याची गरज नाही, असे मी आईंना सांगितले. खेळात वेळेची मर्यादा बंद करण्याची सोय होती, ती वापरावी. उत्तर दाबण्यापूर्वी मुलाने ते “चौरस मीटर”सह मोठ्याने म्हणावे आणि खेळ संपल्यावर त्यातलाच एखादा आयत वहीत काढून त्याची परिमितीही शोधावी. तार आणि फरशी यांची गणिते मिसळून दिल्यावरही तो न गोंधळता वेगळी करू लागला, की मर्यादा पुन्हा सुरू करण्यास हरकत नाही.