तीनच वर्षं चाललेली केन्सव्हिलची गोल्फ स्पर्धा

प्रश्न : आमचे मामा बरीच वर्षं अहमदाबादला होते. ते म्हणतात तिथे केन्सव्हिलला युरोपची गोल्फ टूर्नामेंट व्हायची, एकदा बघायलाही गेले होते पण टीव्हीवरचा एकही चेहरा दिसला नाही. मग खरंच युरोपची होती का? आणि आता का होत नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मामा खोटं बोलत नाहीयेत, फक्त अर्धंच सांगतायत. ती गुजरात केन्सव्हिल चॅलेंज, 2011 ते 2013 अशी तीनच वेळा झाली, आणि मेन युरोपियन टूरची (टूर म्हणजे वर्षभर चालणारी स्पर्धांची मालिका) नाही तर तिच्या खालच्या चॅलेंज टूरची होती. म्हणजे आपल्याकडे रणजी खेळून वर जातात ना, साधारण तसंच, पण इथे सिलेक्टर वगैरे भानगड नाही, तेव्हा वर्षभरातल्या बक्षिसांच्या कमाईवरून यादी लागायची आणि त्यातले वरचे पंधरा-वीस जण मेन टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, घेऊन जायचे, बाकीचे पुढच्या वर्षी परत बॅग उचलून तिथेच. ओळखीचे चेहरे दिसणार कुठून!

कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, आपला गोल्फर जीव मिल्खा सिंगने डिझाइन केलेला. पहिल्या वर्षी आपला गगनजीत भुल्लर जिंकला, तेव्हा जेमतेम 22 वर्षांचा. 2012 ला मॅक्सिमिलियन कीफर नावाचा जर्मन पोरगा. मला विचाराल तर खरी गोष्ट याचीच, कारण पुढच्याच वर्षी तो मेन टूरवर गेला आणि स्पॅनिश ओपनच्या प्लेऑफमध्ये (बरोबरी झाल्यावर विजेता ठरवायला जादा होल खेळतात तो) चक्क नऊ होल खेळून हरला (नऊ!), मग मेन टूरवरचं पहिलं टायटल मिळायला 2022 उजाडलं, झेक मास्टर्स.

बंद होण्याचं म्हणाल तर या लेव्हलला तीन वर्षं म्हणजे काही वाईट नाही हो. तिकीट आणि टीव्हीचा पैसा जवळपास नसतोच, सगळी मदार स्पॉन्सर आणि यजमान क्लबवर, त्यात युरोपातल्या पोरांना विमानाचं भाडं बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून, त्यामुळे या टूरवर स्पर्धा येतात नि जातात.

मामा कुठल्या वर्षी गेले होते ते मात्र विचारा. 2013 असेल तर त्यांनी आपल्या शिव कपूरला जिंकताना पाहिलं असेल. त्याच वर्षी जुलैत स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्डला ब्रिटिश ओपनच्या पहिल्या दिवशी त्याने सुरुवातीच्या सातपैकी सहा होलवर बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) मारली होती आणि थोडा वेळ का होईना, लीडवर होता. तेव्हा टीव्हीवर दिसला की!